क्लाउडला रामराम ठोकून फोटो घरच्या डिस्कवर: स्वावलंबन की नसती उठाठेव?

खटपट्या
दोन फोन, एक लॅपटॉप आणि त्यांतून साचत गेलेले साधारण ८०० जीबी फोटो, व्हिडिओ, स्कॅन केलेले कागद. सगळं एकाच कंपनीच्या क्लाउडवर. भाडं जातं त्याचं एवढं नाही. पण उद्या खातं बंद झालं तर दाद मागायला समोर माणूस नाही, आणि आपले फोटो कोणतं यंत्र कशासाठी चाळतंय याचा पत्ता नाही, हे खटकतं.

बेत असा: पडून असलेला जुना डेस्कटॉप (८ जीबी रॅम), त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ म्हणजे दोन्हींवर तेच, त्यावर लिनक्स आणि इमिच (स्वतःच्या यंत्रावर चालणारं फोटोंचं सॉफ्टवेअर). फोनमधले फोटो आपोआप तिकडे जातील, बाहेर असतानाही बघता येतील.

प्रश्न तीन. रेड १ असताना वेगळा बॅकअप लागतो का? बाहेरून पोचायला राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडू का? आणि मुळात हे करावं का? तिसऱ्यावर हाणामारी झाली तरी धागाकर्त्याची हरकत नाही.

टाचणी
पहिल्याचं उत्तर: लागतो. रेड एकाच गोष्टीपासून वाचवतं, दोनपैकी एक डिस्क मेली तरी यंत्र चालू राहतं. चुकून फोल्डर उडवलं, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. लॅपटॉपमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला आणि त्याने शेअर केलेल्या फायली कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडे कुलूप. पॉवर सप्लायने जाताना जास्त व्होल्टेज सोडलं, तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात.

घरी कुणाला 'सेवा अखंड चालू' हवी असते? रात्रभर फोटो दिसले नाहीत तर काही बिघडत नाही. त्याच दोन डिस्क घ्या, पण मिरर (रेड १) करू नका. एक चालती, दुसरी बॅकअपची. खर्च तेवढाच, संरक्षण दुप्पट.

निमूट वाचक
खुर्ची ओढून बसलो आहे.

ओहमचा नियम
डिस्कच्या आधी विजेचं बघा. जुना डेस्कटॉप नुसता बसून सहज ५० वॅट खातो. ५० गुणिले २४ गुणिले ३६५, भागिले हजार = वर्षाला ४३८ युनिट. १० वॅटचा छोटा मिनी पीसी तेच काम ८८ युनिटांत करतो. तुमच्या घरचा दर लावून बघा, 'फुकटात पडून असलेला' डेस्कटॉप बहुधा सगळ्यात महाग निघेल.

जुना लॅपटॉप असेल तर उत्तम. १० ते १५ वॅट, शिवाय स्वतःची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. मात्र लिथियम बॅटरी कायम १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली की फुगते. बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगांत) चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्के ठेवता येते का बघा. सोय नसेल आणि बॅटरी निघत असेल तर काढून टाका. झाकण मिटल्यावर झोपी जाऊ नये ही सेटिंगही लक्षात ठेवून बदला.

डिस्क झोपवण्याबद्दल: ३.५ इंची डिस्क फिरताना सुमारे ५ वॅट घेते, झोपली की १ वॅटच्या खाली. पण दर पाच मिनिटांनी झोप-ऊठ केली तर मोटर आणि हेड झिजतात. अर्धा तास ठेवा, नाहीतर झोपवूच नका.

सुतळी
लोक पैसे वाचवायला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेतात आणि यूएसबीला दोन डिस्क लटकवतात. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतो. २.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करतानाच एकाच्या आसपास ओढते. दोन लावल्या की व्होल्टेज पडतं, लिहिता लिहिता डिस्क गायब, फाइलसिस्टिम (डिस्कवरच्या फायलींची मांडणी) गोत्यात. उपाय: स्वतःचा अडॅप्टर असलेला डबा किंवा हब.

दुसरं, यूएसबी डबा चांगला असूनही मोठी कॉपी करताना डिस्क सुटत असेल तर डब्यातली चिप आणि 'यूएएस' (यूएसबी डिस्कशी बोलायची जलद पद्धत) यांचं पटत नसतं. त्या चिपपुरतं यूएएस बंद करा. वेग थोडा उतरेल, सुटणं थांबेल.

तिसरं, यंत्र मेमरी कार्डवरून चालवू नका. लॉग लिहून लिहून कार्ड मरतं. छोटी एसएसडी लावा.

चौकस
वीज, तारा, डबे हे सगळं ठीक, पण मी तिसऱ्या प्रश्नावर येतो. करू नये.

कंपनीच्या विदागारात (विदा म्हणजे डेटा, विदागार म्हणजे डेटा सेंटर) डिस्क मेली तर ती बदलणारा पगारी माणूस आहे. घरी तो तुम्ही. अपडेट तुम्ही, बिघाड तुम्ही, रात्री 'फोटो का दिसत नाहीत' याला उत्तर तुम्ही. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. सामान्य माणसाचे फोटो कुणी डोकावल्यामुळे फारसे जात नाहीत. डिस्क मेल्यामुळे, फोन पाण्यात पडल्यामुळे, पासवर्ड विसरल्यामुळे जातात. खाजगीपणाच्या भीतीपोटी हरवण्याचा धोका वाढवून घेणं हा उलटा हिशेब आहे.

बिटबहाद्दर
चौकस, अर्धं पटलं. क्लाउड हा बॅकअप आहे असं मात्र तुम्ही गृहीत धरलंत. तो बहुतेक वेळा नुसता सिंक असतो. फोनवर फोटो उडवला की तिकडेही उडतो. कचरापेटीत ३० किंवा ६० दिवस, मग कायमचा. तीन महिन्यांनी लक्षात आलं तर बसा.

शिवाय अटी त्यांच्या हातात. गूगल रीडर ही ब्लॉग-बातम्या वाचायची सेवा १ जुलै २०१३ ला बंद झाली. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली. दोन्ही वेळा पूर्वसूचना होती, कुणी फसवलं नाही. पण २ लाख फोटो एकीकडून दुसरीकडे न्यायचे तर सूचना मिळूनही घाम फुटतो.

विदागाराचा पगारी माणूस म्हणाल, तर १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या विदागाराला आग लागली, एक आख्खी इमारत गेली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं मूळ आणि प्रत एकदमच गेलं.

निमूट वाचक
बॅकअप नसेल तर विदा अलविदा.

अक्षरधूळ
कोटी मान्य, पण 'विदा' हा शब्द कुणी घरात वापरून दाखवा. 'अहो, विदा संपला, रिचार्ज करा.'

बिटबहाद्दर
अवांतर सुरू झालं म्हणजे धागा चालला. असो. ३-२-१ चा नियम सगळ्यांना माहीत असेलच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो रूढ केला. त्यात क्लाउड नकोच असं कुठेही म्हटलेलं नाही. मूळ घरी आणि बाहेरची तिसरी प्रत एनक्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) करून क्लाउडवर, असंही होतंच की.

तारयंत्र
प्रश्न दोन. पोर्ट उघडू नका. फोटोंचं सॉफ्टवेअर सरळ इंटरनेटवर टांगलं की त्यातली प्रत्येक त्रुटी ही तुमच्या घराची त्रुटी होते. विंडोजच्या फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट तर चुकूनही नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच दारातून पसरला.

आधी राउटरच्या पानावर 'वॅन' (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या टप्प्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एक बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला. तिथे पोर्ट उघडून काहीच होत नाही, लोक उगाच तासन् तास राउटरशी झटत बसतात. (टेलस्केल ही आपली यंत्रं खाजगी जाळ्यात जोडणारी सेवाही याच टप्प्यातले पत्ते वाटते, त्यामुळे फोनवर नाही, राउटरवर बघा.)

खरा सार्वजनिक पत्ता असेल तर वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन). एकच यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०. किल्ली न जुळणाऱ्या पाकिटाला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. सीजीनॅट असेल तर टेलस्केलसारखी जाळी, किंवा बाहेर एक छोटा भाड्याचा सर्व्हर आणि घरातून त्याला वायरगार्ड. त्यात 'कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोड्या वेळाने बाहेरून घर सापडेनासं होतं.

नेहमी अडतं ते तीन ठिकाणी:

फोनवर वायरगार्डच्या 'अलाउड आयपी'मध्ये (कोणते पत्ते बोगद्यातून जायचे त्या यादीत) फक्त घरच्या पत्त्यांचा टप्पा द्या. सगळे शून्य टाकले तर फोनचं सगळं इंटरनेट घरातून फिरून जाईल.

घरचा टप्पा १९२.१६८.१ असेल तर बदला. बाहेरच्या वायफायवरही बऱ्याचदा तोच असतो, मग फोन घरचं यंत्र तिथल्याच जाळ्यात शोधत बसतो. १९२.१६८.७३ असं काहीतरी आडमुठं घ्या.

यादी दिसते पण फोटो उघडताना लटकतात, असं झालं तर एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १२८० करून बघा. मोठी पाकिटं वाटेत अडकत असतात.

निमूट वाचक
म्हणजे स्वतःच्या घरात शिरायला आधी घराचा पत्ता बदलायचा. पटलं.

अक्षरधूळ
क्लाउडमधून बाहेर पडायची पायरी कुणी बोललंच नाही, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं.

गूगल टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) झिप मागवताना ५० जीबीचे तुकडे निवडा. २ जीबीचे घेतलेत तर चारशे दुवे मिळतील. दुवे आठवडाभरच चालतात, तेव्हा डिस्कवर जागा आणि हातात वेळ असेल तेव्हाच मागवा. उघडल्यावर प्रत्येक फोटोशेजारी एक जेसन (माहितीची साधी मजकूर) फाइल असते. तुम्ही हाताने दुरुस्त केलेली तारीख, ठिकाण, वर्णन हे त्यात असतं, फोटोत नाही. लोक 'कचरा' म्हणून त्या उडवतात आणि मग आजोबांचा स्कॅन केलेला जुना फोटो स्कॅनच्या वर्षात जाऊन बसतो. लांब नावं कापली गेल्यामुळे कधीकधी फोटो आणि त्याची जेसन यांची नावं जुळत नाहीत, तेवढी हाताने बघावी लागतात. एक्झिफटूल या प्रोग्रामने जेसनमधल्या तारखा फोटोंत लिहून घ्या. तोच फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही आणि अल्बममध्येही येतो, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. घाबरू नका, चेकसमवरून (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) दुहेरी काढता येतात.

मूळ झिप मात्र वर्षभर तरी हात न लावता ठेवा. आणि क्लाउडवरचं उडवायची घाई करू नका.

फॉरमॅटचंही जाता जाता: आयफोन २०१७ पासून एचईआयसीत फोटो काढतो. मूळ फाइल तशीच ठेवा, पाहिजे तर जेपीजीची वेगळी प्रत काढा. बदलून मूळ फेकणं नको.

सुतळी
डिस्क मरायला टेकलीय हे ओळखायचं कसं, ते राहिलं. 'स्मार्ट'मधले (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतले) सगळे आकडे बघत बसू नका. ५, १९७, १९८ एवढे तीन बघा: बदललेले सेक्टर, रखडलेले सेक्टर, वाचताच न आलेले सेक्टर. शून्यावरून हलले आणि वाढतच चालले की डिस्क बदला, वाट बघू नका. १९९ वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल बदला. या एका आकड्यापायी लोकांनी धडधाकट डिस्का फेकल्यात.

अजून एक खोड. रात्रीचा बॅकअप ठरल्या वेळी लागतो, पण डिस्क जोडलेलीच नसते. लिनक्सला काय, रिकामं फोल्डर दिसतं, तो त्यातच लिहितो, आणि सकाळी सिस्टिमची एसएसडी ठासून भरलेली. उपाय: जोडणी यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) करा, 'एसडीए-एसडीबी'ने नको, कारण ती नावं बूटगणिक बदलतात. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर' या आज्ञेने आय हा बदलबंदीचा शिक्का मारून ठेवा. मग डिस्क नसेल तेव्हा लिहिणं अडेल, डिस्क आली की त्यावर बिनबोभाट जोडली जाईल.

टाचणी
सुतळीच्या मुद्द्याची उलटी बाजू जास्त वाईट. आरसिंक या फायली कॉपी करणाऱ्या आज्ञेला 'डिलीट' (मूळात नाही ते प्रतीतूनही काढ) दिलंय आणि मूळ डिस्क जोडलेली नाही. त्याला वाटतं मूळ रिकामं झालं, तो बॅकअपही रिकामा करतो, इमानेइतबारे. 'मॅक्स-डिलीट'ची मर्यादा घाला, आणि आधी मूळ डिस्कवर एखादी खुणेची फाइल आहे का ते तपासा. नसेल तर थांबा. तसंच मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ दिली तर आतला मजकूर जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. एकदा असं आणि एकदा तसं केलंत तर तेच फोटो दोनदा पडतील.

म्हणूनच नुसत्या आरसिंकपेक्षा रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्राम बरे. रोजचा टप्पा (त्या दिवशीची प्रत) वेगळा राहतो, न बदललेलं पुन्हा साठवत नाही, सगळं एनक्रिप्ट. ७ रोजचे, ४ आठवड्यांचे, १२ महिन्यांचे ठेवा. रेस्टिकमध्ये 'फर्गेट' म्हटलं की फक्त टप्पे विसरले जातात. जागा 'प्रून' केल्यावरच सुटते.

आणि लॅपटॉपला बॅकअपच्या डिस्कवर लिहायचा हक्क देऊ नका. सर्व्हरने लॅपटॉपकडून ओढून घ्यावं, लॅपटॉपने ढकलू नये. व्हायरस लॅपटॉपमध्ये शिरला तर त्याचा हात तिथवर पोचता कामा नये.

बिटबहाद्दर
टाचणीताई, सुरुवातीला तुम्ही मिररला सरसकट मोडीत काढलंत ते पटत नाही. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर मिरर केला तर प्रत्येक ठोकळ्याचा चेकसम असतो. एका डिस्कवर एखादा बिट सडला तर कोणती प्रत खरी हे कळतं आणि दुसरीवरून दुरुस्ती होते. एकट्या डिस्कवर फक्त 'बिघडलंय' एवढंच कळतं.

टाचणी
मान्य. पण ते चेकसमचं कर्तृत्व, मिररचं नाही. साध्या रेड १ मध्ये दोन प्रती जुळत नाहीत एवढं समजतं, खरी कोणती हे त्यालाही ठाऊक नसतं. तिसऱ्या डिस्कची ऐपत असेल तर खुशाल मिरर करा आणि महिन्यातून एकदा स्क्रब (सगळे चेकसम पुन्हा तपासणं) लावा. दोनच असतील तर माझं म्हणणं कायम.

ओहमचा नियम
यूपीएस घेणाऱ्यांसाठी. नुसता घेऊन ठेवला तर तो अपघात दहा मिनिटं पुढे ढकलतो, एवढंच. त्याची यूएसबी तार सर्व्हरला जोडा, 'नट' नावाचं सॉफ्टवेअर टाका, बॅटरी खाली आली की यंत्र नीट बंद व्हायला हवं. आतली लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपते. बदलल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून यूपीएसलाच डकवा.

चौकस
वरचे प्रतिसाद मोजतोय. मिरर, स्क्रब, एमटीयू, बदलबंदीचे शिक्के, चिकटपट्ट्या. नाकापेक्षा मोती जड. आणि हे सगळं एका माणसाच्या डोक्यात. तो माणूस आजारी पडला, गेला, किंवा नुसता कंटाळला तर? क्लाउडवर घरातल्या दुसऱ्याला पासवर्ड टाकून फोटो तरी दिसतात. इथे त्याच्या हाती येईल एक काळा डबा आणि लुकलुकणारा दिवा. याला स्वावलंबन म्हणायचं? कुटुंबासाठी तर परावलंबनच, फक्त कंपनीच्या जागी खटपट्या.

अक्षरधूळ
चौकस यांचा हा मुद्दा धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे, आणि त्याला उत्तरही आहे. तीनपैकी एक प्रत मुद्दाम साधी ठेवायची. रेस्टिकची नको, बोर्गची नको, पासवर्डची नको. वर्ष, त्यात महिना, त्यात फोटो. डिस्क कुठल्याही संगणकाला लावली की दिसलं पाहिजे.

त्यासाठी इमिचमध्ये 'स्टोरेज टेम्प्लेट' सुरुवातीलाच चालू करा. ते मूळचं बंद असतं, आणि मग फाइली अगम्य आकडे-अक्षरांच्या फोल्डरांत जातात. किंवा फोल्डर तुम्ही लावा आणि इमिचला ते 'बाहेरचं ग्रंथालय' म्हणून नुसतं वाचायला द्या.

इमिचचा बॅकअप घेताना नुसते फोटो घेतलेत तर अल्बम आणि ओळखलेले चेहरे गेले, ते पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असतात. चालू डेटाबेसचं फोल्डर तसंच उचलू नका, अर्धवट प्रत येते. इमिच स्वतः डेटाबेसचा डंप (पूर्ण उतारा) काढून 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये ठेवतं, तो घ्या. लघुचित्रं आणि रूपांतरित व्हिडिओ वगळा, ते पुन्हा बनतात.

टाचणी
साधी, पासवर्डविना? डिस्क चोरीला गेली तर सगळ्यांची ओळखपत्रं, करारनामे, दवाखान्याचे कागद उघड्यावर. अजिबात नको.

अक्षरधूळ
फोटो साधे, कागदपत्रं कुलूपबंद. दोन वेगळी फोल्डरं, दोन वेगळे नियम. सगळ्याला एकच कुलूप लावायचा हट्ट कशाला? आणि फाइलसिस्टिम एक्सफॅट, म्हणजे सगळीकडे उघडेल.

सुतळी
एक्सफॅटला जर्नल (अर्धवट लिखाण सावरणारी नोंदवही) नसतं. लिहिताना डिस्क ओढून काढली तर गडबड. भरून झाल्यावर नीट 'इजेक्ट' करून कपाटात ठेवणार असाल तर चालेल, रोजच्या वापराला नको. कपाटात ठेवायला फिरती डिस्कच घ्या. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना ठेवायची वस्तू नव्हे, तिच्यातला भार हळूहळू गळतो.

बिटबहाद्दर
कुलपाचा विषय निघालाच आहे तर: लक्स या लिनक्सच्या सोयीने डिस्क एनक्रिप्ट केली की तिच्या सुरुवातीच्या भागात किल्ल्या असतात. तेवढा भाग बिघडला तर पासवर्ड तोंडपाठ असूनही डिस्क उघडत नाही. या भागाची (हेडरची) प्रत काढून दुसरीकडे ठेवा, लक्स २ मध्ये ती साधारण १६ एमबीची होते. पासवर्डसाठी फाशाने निवडलेले सहा शब्द. ७७७६ शब्दांच्या यादीतून सहा म्हणजे सुमारे ७७ बिट, आणि कागदावरून वाचून टाइप करायला सोपे. 'एक्स९#क्यू' छापाचं काही लिहून ठेवलंत तर घरच्यांना तो शून्य की ओ हेच कळणार नाही.

निमूट वाचक
आमच्याकडे सहा शब्दांवर एकमत व्हायलाच सहा महिने लागतील.

तारयंत्र
बाहेरची प्रत क्लाउडवर की नातेवाइकांकडे डिस्क, हा हिशेब करून बघा. ८०० जीबी १० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला सलग ७ दिवस आणि वर काही तास लागतात. ५० च्या वेगाने उतरवायला साधारण ३६ तास. तेच यूएसबी डिस्कवरून सेकंदाला १२० एमबीने दोन तासांच्या आत. छोट्या फायली खूप असतील तर यापेक्षा जास्त धरा. म्हणून पहिली भरणी डिस्कवर करून ती बाहेर न्या, तीन महिन्यांनी घरच्या डिस्कशी अदलाबदल.

टाचणी
आणि हे सगळं चालतंय का, ते कसं कळणार? बॅकअप फसला की मेल यावा, असं बरेच जण लावतात. यंत्रच मेलं तर मेल कोण पाठवणार? उलटं लावा: बॅकअप यशस्वी झाला की बाहेरच्या एखाद्या सेवेला खूण जावी, आणि तीन दिवस खूण आली नाही तर *तिने* ओरडावं. शांतता म्हणजे सगळं आलबेल, असं धरून चालू नका.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याकडून चालू डेटाबेस उडाला. बॅकअपच्या एक सोडून अनेक तजविजी होत्या, आयत्या वेळी बहुतेक बंद किंवा रिकाम्या निघाल्या. आधी कुणी हाताने काढून ठेवलेल्या प्रतीवर निभावलं, तरी सुमारे सहा तासांचं काम गेलंच. एक ना धड, भाराभर चिंध्या.

म्हणून वर्षातून दोनदा परतीची चाचणी. वेगवेगळ्या वर्षांतल्या दहा फायली निवडा, *दुसऱ्याच* संगणकावर परत आणा, आणि हे काम घरातल्या ज्याने सर्व्हर उभारलेला नाही त्याच्याकडून करवून घ्या. हातात फक्त कागद. तुम्ही मागे हात बांधून उभे राहायचं, बोलायचं नाही. तो जिथे अडेल तिथे कागद दुरुस्त करायचा. चौकस यांच्या आक्षेपाला माझं उत्तर एवढंच आहे.

चौकस
हे केलं तर माझा विरोध मागे. पण करणारे किती, ते सांगा.

निमूट वाचक
मागे हात बांधून गप्प उभं राहणं हीच खरी तांत्रिक अडचण.

बिटबहाद्दर
फोनच्या बाजूचं राहिलं. अँड्रॉइड बॅटरी वाचवायला पार्श्वभूमीतली अ‍ॅप मारतं. फोटो पाठवणाऱ्या अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधांतून वगळा. आयफोनवर एवढी मोकळीक नाही. चार्जिंगला लावून अ‍ॅप मधूनमधून उघडावं लागतं. सिंकथिंग (यंत्रायंत्रांत फायली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरलंत तर फोन 'फक्त पाठव', सर्व्हर 'फक्त घे', आणि सर्व्हरवर फायलींच्या जुन्या आवृत्त्या राखणं चालू. हे नसेल तर तो सिंकच, फोनवरून उडालं की इकडूनही उडालं.

त्याचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, हे चौकस म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण कोड उघडा असल्याने दुसऱ्यांनी तो पुढे चालवला. रीडरच्या बाबतीत ते शक्य नव्हतं.

खटपट्या
एवढं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. बदललेला बेत:

डेस्कटॉप बाद, जुना लॅपटॉप वापरणार, चार्जिंग ८० टक्क्यांवर. रेड नाही. चालती डिस्क स्वतःच्या अडॅप्टरच्या डब्यात, दुसऱ्या डिस्कवर रात्री रेस्टिक. तिसरी २ टीबीची घेऊन त्यावर फोटो साधे, कागद कुलपात, आणि ती बाहेर. राउटर बघितला, पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट, टेलस्केल लावतो. क्लाउडचं खातं परतीची चाचणी दोनदा जमेपर्यंत चालू, मग सगळ्यात छोट्या योजनेवर.

एकच शंका: दोन डिस्क एकदम, एकाच मॉडेलच्या घ्याव्यात का? आणि नवी डिस्क सरळ वापरायला घ्यायची?

अक्षरधूळ
साध्या प्रतीच्या डिस्कवर एक मजकुराची फाइलही ठेवा: यात काय आहे, कोणत्या तारखेपर्यंतचं आहे, कुलूपबंद फोल्डर कशाने उघडतं. पासवर्ड त्यात नको.

सुतळी
वेगवेगळ्या कंपनीच्या नाहीतर निदान वेगळ्या खेपेच्या घ्या. एकाच खेपेतल्या, एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्का पाठोपाठ जायची शक्यता जास्त. चालत्या डिस्कसाठी सीएमआर (पट्टे शेजारी-शेजारी असलेली) बघून घ्या. एसएमआर डिस्कचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, मोठं लिखाण सुरू झालं की ती धापा टाकते. बॅकअपच्या आणि बाहेरच्या डिस्कला एसएमआर चालेल.

नवी डिस्क सरळ वापरू नका. आधी स्मार्टची लांब चाचणी लावा, ४ टीबीला सात-आठ तास जातील. मग एकदा पूर्ण लिहून पूर्ण वाचा, ५, १९७, १९८ पुन्हा बघा. हललेले दिसले तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. ही चाचणी चालू असताना यूएसबी डिस्क झोपी गेली तर चाचणी मध्येच तुटते, तेवढ्यापुरती झोप बंद ठेवा.

निमूट वाचक
वाचनखूण साठवली. दोन ठिकाणी.

टाचणी
तिसरी घराबाहेर.